आखूड पडणारा हात

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, एका संध्याकाळी, मास्तरांनी स्वसंरक्षणाच्या वर्गात वेल्डरच्या तोंडावर सरळ ठोसा टाकला. वेल्डरने डावं मनगट वर आणलं, ठोसा बाहेरच्या बाजूला वळवला आणि कानाजवळून मागे जाऊ दिला. हाडावर हाड घासल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. नव्याने शिकायला आलेली एक शाळेतली शिक्षिका ‘अगंबाई’ म्हणाली आणि लगेच ओठ मिटून ताठ उभी राहिली.

“ह्याला बचाव म्हणतात,” मास्तर म्हणाले. “दचकून हात वर जातो तो बचाव नव्हे. दचकतो तर उंदीरही. आपण आधी बघायचं, मग ठरवायचं आणि मग हात उचलायचा. एवढ्याला वेळ असतो का? असतो. पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा, पण असतो.”

वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. पूर्वी तिथे कागदाची रिळं ठेवत. कागदाचा वास भिंतींना अजून होता. जमिनीवर काथ्या भरलेल्या कॅनव्हासच्या गाद्या अंथरायच्या, वर्ग संपला की गुंडाळून दोरीने बांधायच्या. मास्तरांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा होता. खाली रस्त्याच्या वळणावर त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. दिवसा लोकांची कुलपं खोलतो आणि संध्याकाळी हाडं, असं त्यांची थोरली बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ही थोरली बहीण म्हणजेच आत्या. मास्तरांची बायको गेली तेव्हा मुलगी रांगत होती. तेव्हापासून घर आत्याच्या हातात होतं, आणि घरातलं बोलणंही बरंचसं तिच्याच तोंडात होतं.

वर्गात मास्तरांचा एक नियम होता. जोडीतल्या ज्याने हल्ला करायचा त्याने खरा हात द्यायचा. नाकावर मारायचं नाही, नाकाच्या मागे पोचायच्या बेताने मारायचं. समोरच्याने अडवलं नाही तर लागलं पाहिजे. कोणी सैल, अलीकडेच थांबणारा ठोसा दिला की मास्तर त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करत, मग तो बँकेतला साहेब का असेना. तू दया करत नाहीयेस, असं ते त्याला सांगत. तू त्याला खोटं शिकवतोयस. तुझा खोटा हात अडवून तो आज खूश होईल, आणि उद्या रस्त्यात कोणाचा तरी खरा हात खाईल.

वेल्डर बाजूला झाला आणि मास्तरांनी मुलीला पुढे बोलावलं. लहानपणी अंगाने एवढीशी होती म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आता ती बापाच्या खांद्याच्या वर गेली होती, पण नाव मुंगीच राहिलं होतं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, अपघात विभागाच्या दारावर, तिला सुरक्षारक्षकाची नोकरी लागली होती. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. वर्गात तिच्यासारखा बचाव कोणाचा नव्हता. मास्तरांचा ठोसा तिला शिवल्याचं तिथल्या कोणी पाहिलं नव्हतं. ती दुसऱ्या कोणाबरोबर जोडी मात्र करत नसे. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं. मास्तरांच्या मुलीवर खरा हात टाकायला कोणी धजत नसे, आणि वर्ग सुटल्यावर मास्तर तिला अर्धा तास वेगळं शिकवत. एवढं पुरे होतं.

मास्तरांनी ठोसा टाकला. मुंगीने तो वळवला. मास्तरांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. तिची मनगटं दार उघडमीट करावी तशी शांतपणे फिरत राहिली. शिक्षिका आता कौतुकाने मान हलवत होती. वेल्डर कडेला उभा राहून डोळे बारीक करून बघत होता. धंद्यामुळे त्याला तशी सवयच होती.

वर्ग सुटल्यावर गाद्या गुंडाळायला तो मागे राहिला. मुंगी पाणी प्यायला खाली गेली होती.

“मास्तर, एक बोलू?”

“बोल की.”

“मुंगीवर टाकता तो हात आखूड पडतो तुमचा.”

मास्तर दोरीला गाठ मारत होते. त्यांनी गाठ पुरी केली.

“काय म्हणालास?”

“चार बोटं अलीकडे थांबतो. तिनं हात उचललाच नाही ना, तरी लागणार नाही. मला फट दिसते, मास्तर. दिवसभर दोन पत्र्यांमधली फटच बघत असतो मी. ती आता तिकडे दारावर उभी राहणार म्हणून बोललो. थोडे दिवस माझ्यासमोर उभी करा तिला.”

मास्तरांनी आधी त्याला विचारलं, तू इथे आलास तेव्हा तुला नीट उभं तरी राहता येत होतं का? मग म्हणाले, ठिणग्या बघून बघून तुझे डोळे गेलेत. वेल्डर खाली बघून ऐकत राहिला. इतकी वर्षं तो वर्गाला येत होता, मास्तरांच्या रागाची त्याला माहिती होती. राग येतो, जातो. पण या वेळी तो राग गेला नाही.

“माझ्याच वर्गात मला खोटा म्हणतोस?”

“खोटा नाही म्हणालो. बाप म्हणालो.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

वेल्डरने चपला घातल्या. दाराशी गेल्यावर त्याला दिसलं की गादीच्या वळकटीचं दुसरं टोक सैल राहिलंय. तो परत आला, वाकून ते टोक आवळून बांधलं आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मुंगीने विचारलं, वेल्डरदादा आला नाही? मास्तर म्हणाले, त्याच्याकडे जास्तीचं काम आलंय. मग वर्ग सुटला, माणसं गेली आणि दोघांचा अर्धा तास सुरू झाला.

आज पुरता हात द्यायचा, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी मुंगीच्या नाकाकडे बघितलं, नाकाच्या मागे बघितलं आणि ठोसा टाकला. मुंगीने तो वळवला. सगळं रोजच्यासारखं झालं, फक्त आज मास्तरांचं लक्ष स्वतःच्या कोपरावर होतं. दुसऱ्यांवर हात टाकताना जे कोपर सरळ होतं ते आज सरळ झालं नव्हतं. त्यांनी परत टाकला. मग त्यांनी एक पाऊल पुढे घेतलं, म्हणजे तरी अंतर भरेल. पाऊल पुढे पडलं तेवढाच हात आणखी मागे ओढला गेला. विस्तवाजवळ नेलेला हात जसा आपल्याला न विचारता आखडतो, तसा.

“दमलात का, बाबा?”

“नाही. परत.”

परत तेच झालं. मुंगी हात खाली घेऊन उभी राहिली. तिच्या डाव्या भुवईत मधोमध एक जागा होती, तिथे केस उगवत नव्हते. ती शाळेत नुकतीच जायला लागली होती तेव्हाची ती खूण. मास्तरांनी तेव्हा तिला नियमाप्रमाणे खरा हात दिला होता, आणि नेमकं त्याच क्षणी गोदामाच्या झरोक्यात कबूतर फडफडलं म्हणून पोरीने मान वळवली होती. आत्या तिला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे धावत गेली होती. टाके घालून परत आल्यावर आत्या ओरडलीसुद्धा नव्हती. ओरडली असती तर बरं. ती फक्त म्हणाली होती, “पोरीला आई नाही. तुझ्या दोन हातांतला एक तरी बापाचा ठेव.”

त्यानंतरच्याच आठवड्यात मास्तरांनी तिला पुन्हा उभं केलं होतं आणि पुन्हा खरा हात द्यायला सुरुवात केली होती. निदान त्यांची इतकी वर्षं तशी समजूत होती.

मुंगी घरी गेल्यावर ते वाळूच्या पोत्यासमोर उभे राहिले. पहिल्याच ठोशात पोतं भिंतीवर जाऊन आदळलं. हातात काही बिघाड नव्हता.

पुढचे दिवस ते दुकानात कुलपं समोर घेऊन बसत आणि एकच गोष्ट मनात फिरवत. सांगायचं, तर काय सांगायचं? की तू आजवर अडवलेल्यातला एकही ठोसा खरा नव्हता? पोरगी दारावर उभी राहणार, तिच्यात हिंमत आहे. हिंमत म्हणजे निम्मा बचाव, हेही त्यांनीच शिकवलेलं. ती निम्मी काढून घ्यायची आणि बाकीची निम्मी द्यायला वेळ नाही, हे बरं की वाईट? वेल्डरला बोलवावं, तर त्याच्या दारात जावं लागेल. जाऊ, रुजू होऊ दे तिला, थोडी रुळू दे, मग सावकाश बघू. बघा, ठरवा आणि मग हात उचला, असं आयुष्यभर लोकांना सांगणाऱ्या माणसाने बघितलं होतं आणि ठरवायचं टाळलं होतं.

पहिली तारीख आली. मुंगी खाकी गणवेश घालून आरशासमोर उभी राहिली. आत्याला नव्या डोळ्याचं अप्रूप होतं. दिसेल ते ती बोलून दाखवायची.

“आता मला सगळं दिसतंय, बाई. तुझ्या बाहीची शिवण वाकडी आहे. आणि तुझा बाप इतका म्हातारा दिसतो हे मला कोणी सांगितलंच नाही.”

“तुला दिसत नव्हतं तेच बरं होतं, आत्या.”

“मग काय. आंधळेपणी संसार बरा वाटतो.”

मुंगी नोकरीवर खूश होती. रोज जेवताना ती गोष्टी सांगायची. एक जण पायाला फडकं गुंडाळून आला आणि आत जायच्या आधी तिला सलाम ठोकून गेला. एका म्हाताऱ्याने तिला डॉक्टर समजून आपली जीभ काढून दाखवली. तिच्याबरोबर दारावर एक वयस्क रक्षक असायचा, मिशा मोठ्या आणि आवाज बारीक. भांडण दिसलं की तो आधी पाणी प्यायला जायचा, असं ती सांगायची आणि आत्या पदर तोंडाला लावून हसायची. मास्तरही हसायचे. जेवण झाल्यावर हात धुताना ते मनाशी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात बोलू.

मग एक दुपार आली. काय झालं ते मास्तरांना त्या मिशीवाल्या रक्षकानेच हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितलं. त्या दिवशी तो पाणी प्यायला गेला नव्हता. एका माणसाच्या भावाला गाडीखालून काढून आणलं होतं. डॉक्टर आत काम करत होते आणि हा माणूस आत घुसू बघत होता. मुंगी त्याच्याशी नीट बोलली, दादा म्हणाली, बाकावर बसा म्हणाली. माणूस तसा वाईट नव्हता, नंतर भिंतीला डोकं लावून रडत बसला होता. पण त्या वेळी त्याला काही दिसत नव्हतं. त्याने हात उगारला.

“हात वेळेवर उचलला हो तिनं,” रक्षक म्हणाला. “घाबरली नाही की दचकली नाही. असा सुरेख उचलला, मला वाटलं झालं, थांबला. पण तो थांबलाच नाही. तिच्या हाताला ढकलून पुढे आला.”

त्या माणसाच्या बोटात जाड अंगठी होती. मुंगीचा उजवा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

आत्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिली. ती कोणाशी बोलत होती ते कळत नव्हतं. मला म्हातारीला डोळा दिलास आणि पोरीचा नेलास, आता माझा घे परत, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नर्सने तिला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा ती उठली नाही. मग नर्सनेच तिला पाणी आणून दिलं. मास्तर खिडकीपाशी उभे होते. मुंगी जागी झाली की ते पुढे यायचे, झोपली की परत खिडकीपाशी जायचे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी वेल्डर आला. हातात संत्र्यांची पिशवी होती आणि कामाचे कपडेही बदललेले नव्हते. मास्तरांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. मास्तरांकडे त्याने बघितलं नाही, आणि बघायचं टाळलं असंही दाखवलं नाही.

“वर्गाला का येत नाहीस रे, दादा?” मुंगीने विचारलं.

“तुझ्या वहिनीनं संध्याकाळची कामं लावलीत मागे. मास्तरांसमोर हात तरी उचलता येतो. तिच्यासमोर तेही नाही.”

मुंगी हसली. हसल्याने पट्टीखाली दुखलं असावं, कारण तिने खाटेची कड घट्ट धरली. वेल्डरने एक संत्रं सोललं, त्याच्या फोडींच्या शिरा नीट काढल्या आणि एकेक फोड तिच्या हातात ठेवत बसला. जाताना तो मास्तरांना एवढंच म्हणाला, काही लागलं तर निरोप धाडा.

मुंगी घरी आली. जखम भरली, पट्टी गेली. हॉस्पिटलने तिला दारावरून काढून आत, नाव नोंदवायच्या खिडकीत बसवायचं कबूल केलं, पण त्याला अजून अवकाश होता. ती घरातल्या घरात फिरायची, आणि तिला अंतरं कळत नव्हती. दाराच्या कडीकडे नेलेला हात कडीच्या अलीकडेच मिटायचा. जिन्याची शेवटची पायरी ती दोनदा उतरायची. आत्या तिच्या मागे मागे असायची आणि मदत करत नाहीये असं दाखवायची.

एका दुपारी तिने पेल्यात पाणी ओतलं. धार पेल्याच्या बाहेर पडली आणि मेजभर पाणी झालं. मास्तर समोर कुलूप घेऊन बसले होते. ते उठू लागले.

“राहू द्या,” ती म्हणाली. फडकं आणून तिने मेज पुसलं. पुसता पुसता थांबली. “नाही, उठा जरा. इकडे या.”

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“तो माणूस असा उभा होता.” तिने त्यांचा उजवा हात धरला, त्याची मूठ वळली आणि ती मूठ हळूहळू स्वतःच्या चेहऱ्याकडे आणली. गालापासून चार बोटांवर आल्यावर तिने ती धरून ठेवली. “तुमचा हात इथं थांबायचा. मी अडवायच्या आधीच त्यातला जोर संपलेला असायचा. मला तेवढाच हात अडवता येत होता, बाबा. त्याचा संपला नव्हता. इथून पुढे सगळा जोर होता त्याचा. तो कसा असतो ते मला माहीतच नव्हतं.”

मास्तरांची मूठ तिच्या हातात तशीच होती.

“तुला ठाऊक होतं.”

“भुवईचे टाके निघाले तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

मुंगीने त्यांचा हात सोडला आणि पुसून कोरडं झालेलं मेज पुन्हा पुसायला घेतलं.

“तुम्ही शिकवायचं थांबला असता. कळल्यावर तुम्हाला खोटा हात देणं जमलं नसतं, आणि खराही जमला नसता. मग तो अर्धा तास गेला असता.” मेज पुसतच ती म्हणाली, “दिवसभर तुम्ही कुलपांकडे बघायचात. संध्याकाळी वर्गाकडे. तेवढा अर्धा तास माझ्याकडे बघायचात.”

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. मास्तर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“तसं मी ठरवलं होतं सगळं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारातून काय आणायचं विसरलो ते सांगावं तसं ती सांगत होती. “रुजू व्हायच्या आधी वेल्डरदादाला गाठणार होते. थोडे दिवस माझ्यासमोर उभा राहा, खरे हात दे, बाबांना सांगू नकोस, म्हणून. पण तो यायचाच बंद झाला. म्हटलं, आता त्याच्या घरी कुठे जायचं, वहिनीला काय वाटेल. जाऊ दे, बाहेरचे हात बाहेरच शिकू.”

“मी घालवला त्याला.”

“तुम्ही? का?”

मुंगी मान थोडी वळवून, उरलेला डोळा त्यांच्यावर धरून, त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा हात मेजावर थांबला.

“त्यानं सांगितलं तुम्हाला.”

“हो.”

“कधी?”

“तू रुजू व्हायच्या आधी.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मुंगीने पेला पुन्हा जवळ ओढला. हॉस्पिटलात शिकवल्याप्रमाणे तिने एक बोट पेल्याच्या कडेवर आत धरलं, तांब्याचं तोंड त्या बोटाला टेकवलं आणि पाणी ओतलं. या वेळी सांडलं नाही. पाणी पिऊन ती आतल्या खोलीत गेली.

ती रागावली असती तर मास्तरांना झेपलं असतं. ती रागावली नाही. ती त्यांना जेवायला वाढायची, दुकानाची किल्ली हातात आणून द्यायची, आत्याच्या औषधाची आठवण करायची. फक्त कामापलीकडचं बोलणं बंद झालं. वर्ग मास्तरांनी बंदच ठेवला होता. शिक्षिका दोनदा दुकानात येऊन विचारून गेली. घरात तीन माणसं होती आणि आत्यासुद्धा बोलत नव्हती, तेव्हा शेजारणीने काळजीने येऊन विचारलं, घरात कोणी आजारी आहे का?

एका सकाळी मास्तर दुकान न उघडता वेल्डरच्या कारखान्यावर गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड होती. वेल्डर उकिडवा बसून एका फाटकाची जोडणी करत होता. मास्तर दारात उभे राहिले. ठिणग्या थांबल्या, वेल्डरने तोंडावरचं झाकण वर केलं.

माफी मागायला आलेल्या माणसाने काय बोलायचं असतं ते मास्तरांना येत नव्हतं. ते फाटकाकडे बघून म्हणाले, जोड छान बसलाय. वेल्डर म्हणाला, बसवावा लागतो, फट ठेवली तर गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देतं. मग त्याच्याच लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो ओशाळून हातमोजे काढायला लागला.

“ये आता परत,” मास्तर म्हणाले.

“बायको रडेल हो. मी संध्याकाळी घरी असतो याची सवय झालीय तिला.” मग तो गंभीर झाला. “मुंगी उभी राहणार आहे का पुन्हा?”

“तिला विचारलेलं नाही.”

“विचारा. माझ्यासमोर उभी करा. या वेळी मी म्हणतोय म्हणून नको, ती म्हणाली तर.”

मास्तरांनी संध्याकाळी घरी येऊन विचारलं. मुंगी भाजी निवडत होती. आत्याने तिच्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि भाजीचं ताट उचलून आत नेलं.

“दादाचा हात नंतर,” मुंगी म्हणाली. “आधी तुम्ही. मला अंतर कळत नाही, बाबा. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याला ते दिसत नाही, अंगाला शिकवावं लागतं. अंगाला शिकवायचं तर हात पोचला पाहिजे.”

वर्ग पुन्हा सुरू झाला. सुटल्यावर गाद्या न गुंडाळता वेल्डर खाली जाऊन बसायचा, आणि वर ती दोघं समोरासमोर उभी राहायची. पहिल्या दिवशी मास्तरांनी मूठ वळली आणि मुंगी अडवायचं नाही असं ठरवून हात खाली सोडून उभी राहिली. मूठ सावकाश पुढे गेली आणि चार बोटं अलीकडे थांबली.

“टेकवा,” मुंगी म्हणाली.

मूठ थोडी हलली. मास्तरांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

“टेकवा, बाबा. टेकवल्याशिवाय मला कळायचं नाही.”

त्यांच्या बोटांची हाडं तिच्या गालाला लागली. मिटलेल्या डोळ्याच्या जरा खाली. तिने तो हात तिथे ओळखून घेतला आणि म्हणाली, हं. आता परत.

हे रोज चाललं. आधी इतकं हळू, की बघणाऱ्याला वाटलं असतं बाप लेकीच्या तोंडावरचं काही पुसतोय. मग जरा लवकर. मग आणखी लवकर. ती चुकली की हात लागायचा, ती चुकली नाही की वळायचा. मास्तरांना संध्याकाळपूर्वी जेवण जात नसे. हिवाळा लागायच्या सुमाराला एके दिवशी तिचं मनगट उशिरा आलं आणि ठोसा पुरा बसला. तिचा ओठ फुटला. मास्तर जागच्या जागी उभे राहिले, दोन्ही हात छातीशी. मुंगीने जिभेने रक्त चाचपलं.

“हा खरा होता,” ती म्हणाली.

“हो.”

“परत.”

त्यांनी परत टाकला. कोपर सरळ झालं. मुंगीने तो अडवला, आणि त्या गोदामात पहिल्यांदाच त्या दोघांच्या हाडांचा आवाज झाला.

खाली उतरताना मास्तर मध्येच जिन्यावर बसले. वेल्डरने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, तू हो पुढे. मुंगी त्यांच्या एक पायरी वर बसली. रुमालाने ओठ दाबून ती ते उठायची वाट बघत होती. मास्तर म्हणाले, “भुवई फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे करायला हवं होतं.”

“मी केवढी होते तेव्हा,” मुंगी म्हणाली. “तेव्हा मलाच नको होतं.”

मग ती उठली आणि एका हाताने कठडा चाचपत, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवून, सगळ्या पायऱ्या न चुकता उतरली.

आत्या त्याच हिवाळ्यात गेली. त्यानंतर मुंगी हॉस्पिटलच्या खिडकीत बसायला लागली, आणि दारावर नव्याने लागणाऱ्या मुली संध्याकाळी गोदामात तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. त्यांच्यासमोर पहिला हात वेल्डर टाकतो. मास्तर आत्यामागून दुसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, दुकानात बसल्या जागी गेले.